एग्बर्टनं मधमाश्यांना आधीच सांगितलं

आमच्याकडे न कळवता कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. कॉफीला यायचं तर आठवडाभर आधी विचारायचं, भांडायला यायचं तर निदान आदल्या दिवशी. माझा चुलता वीज पडून गेला तेव्हा चुलती पहिलं वाक्य काय बोलली असेल? "निदान कळवायचं तरी!" अशा मुलखात, माणसाला वेळ ठरवून मरता यावं असा कायदा हेगच्या संसदेतल्या शहाण्यांनी केला, यात नवल ते काय? नवल एवढंच की आमच्या वेसेलला स्वतः ठरवलेली वेळ काही केल्या पाळता येईना, आणि त्यापायी त्याची बायको फेना वेडी व्हायची बाकी राहिली.

मी लाम्बर्ट, वेसेलचा दुसरा शेजारी. दुसरा अंतरानं नव्हे, मानानं. हॉलंडच्या पूर्वेकडच्या आमच्या ट्वेंटे भागात पहिला शेजारी हे वतनच आहे. ते घराला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. वेसेलच्या घराचा पहिला शेजारी एग्बर्ट. घरात मयत झाली की त्या क्षणापासून घर पहिल्या शेजाऱ्याचं. घड्याळाचा लंबक तो थांबवणार, पडदे तो ओढणार, काळी टोपी घालून सायकलवरून दारोदार निरोप तो देणार. प्रेताला शेवटची अंघोळ तो घालणार आणि मी बादली धरणार. त्याची बायको ट्रूस स्वयंपाकघर ताब्यात घेणार. मेलेल्याच्या मधमाश्या असतील तर पेटीवर टकटक करून त्यांनाही सांगायचं, "तुमचा धनी गेला," नाहीतर त्या रुसून निघून जातात. आणि घरच्यांनी काय करायचं? बसायचं. कपसुद्धा उचलायचा नाही. दुःखाच्या घरचे हात मोकळे, असा आमचा नियम.

आता फेना ही काही बसणारी बाई नव्हती. सगळा घोटाळा तिथंच आहे.

वेसेलचे स्नायू झडत चालले होते. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती चालायची दोन माणसांची. चाकाच्या खुर्चीत बसून तो दिवसभर फेनाला हुकूम सोडायचा. माश्यांच्या पेटीचं झाकण उचल. हळू. अगं हळू! धूर कमी. बटाटे जाड कापलेस. उशी खाली घे. एवढी खाली नको. फेना त्याला भरवायची, हगवायची, धुवायची, कुशीवर वळवायची, आणि हे सगळं करताना त्याला अखंड शिव्या घालायची. त्यांचा तो संवाद ऐकून नवीन पोस्टमननं एकदा पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले, कॉफी प्यायले, आणि जाताना वेसेलला म्हणाले, "नशीबवान आहात."

चौथ्या वर्षी वेसेलचा घास अडकायला लागला. तेव्हा त्यानं डॉक्टर रुलव्हिंकबाईंना बोलावून सांगितलं, "घास अडकून, डोळे पांढरे करून मी मरणार नाही. त्याआधी मला जायचंय."

मग चौकशा सुरू झाल्या. बाई कितीदा तरी आल्या. नियमाप्रमाणे दुसरे एक परके डॉक्टर आले, तेही वेसेलशी एकट्याशी बोलले. दर वेळी फेनाला सांगायचे, "तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसाल का?" एकदा मी तिच्याकडे अंडी घेऊन गेलो, तर ती बीट असं कापत होती की जणू बिटानंच तिचं वाटोळं केलंय.

"त्याला विचारतात, तुम्हाला काय वाटतं," ती म्हणाली. "त्याला विचारतात, झोप लागते का. लाम्बर्ट, त्याला झोप लागते! घोरतो! उठून त्याला कुशीवर वळवते कोण? मला विचारलं का कुणी, की बाई तू झोपतेस का?"

"झोपतेस का?"

"तू गप बस."

मंजुरी मिळाली तसं वेसेलच्या अंगात कार्यमालकच संचारला. त्यानं एग्बर्टला आणि मला बोलावून घेतलं, रीतसर, आठवडाभर आधी. एग्बर्टबद्दल सांगायचं तर त्याच्या कोंबड्या घड्याळ बघून अंडी घालतात. त्याच्या आईला सुईणीनं मंगळवार सांगितला होता. हा मंगळवारीच आला, आणि सुईण दारात पाय पुसेपर्यंत आत थांबला. गावात कुणाला विचारा.

फेनानं कॉफी ओतली, प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं आणि रिवाजाप्रमाणे डब्याचं झाकण लावून टाकलं. वेसेलनं बोलायला सुरुवात केली. कुठली शवपेटी, कुठलं गाणं, मातीनंतर पावाबरोबर कुठलं हॅम. आपल्या मरणाची तारीख त्यानं संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर माझ्याकडून लिहून घेतली, ट्रूसच्या आणि खाटकाच्या वाढदिवसांच्या मधे. "तिथं सगळ्यांच्या नजरेला पडते," म्हणाला. एग्बर्ट प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता.

"आणि धुवायचं काम रीतीप्रमाणे," वेसेल म्हणाला. "एग्बर्ट, तू आणि लाम्बर्ट."

फेना भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

"ते मी करीन," ती म्हणाली.

एग्बर्टनं घसा खाकरला. "फेना, असं नसतं. घरच्यांचे हात मोकळे."

"एवढं एकच मागतेय मी. हॅम तुमच्या आवडीचं आणा, गाणं हवं ते लावा. त्याला धुणार मी."

"तू पुष्कळ धुतलंस," वेसेल म्हणाला. "आता बस की जरा."

आता हे तो मायेनं बोलला की हुकमानं, हे मलासुद्धा कळलं नाही, आणि मी त्याला चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. फेनाला ते हुकूमच वाटलं. तिनं बिस्किटांचा डबा उचलला आणि कपाटात असा ठेवला की वरच्या फळीवरचं तिच्या लग्नातल्या किटलीचं झाकण खाली येऊन फुटलं.

ठरलेला पहिला गुरुवार आला. एग्बर्ट टोपी घासूनपुसून हजर. ट्रूसनं मनुकांचा पाव भाजून आणला. डॉक्टरबाई निघणार, तेवढ्यात वेसेलनं फोन करायला लावला, का तर आदल्या दिवशी लिंडनची झाडं फुलली होती. "लिंडनचा मध आत येतोय आणि मी जाऊ? वेड लागलंय का मला?" त्या वर्षी लिंडनला असा बहर होता की झाडाखाली उभं राहिलं की मिशा गोड व्हायच्या. मी स्वतः एक आठवडा साखर विकत घेतली नाही. पण फेनाला ते गोड लागलं नाही. आदल्या रात्रभर ती त्याचा हात धरून बसली होती. मनातल्या मनात निरोप घेऊन, रडून, डोळे धुऊन तयार झाली होती. आता परत त्याच हाताची नखं कापायची.

दुसऱ्या गुरुवारी पाऊस लागला. "ओल्यात लोकांचे बूट खराब होतील. मातीला आलेला माणूस वैतागून जाता कामा नये," वेसेल म्हणाला. मनुकांचा दुसरा पाव आमच्या डुकरानं खाल्ला.

"मी परत रडणार नाही," फेना मला म्हणाली. "माझ्याकडचं संपलंय. हे काय बसचं तिकीट आहे का, आज नको उद्याचं द्या? आणि प्रत्येक वेळी तो एग्बर्ट अंगणात उभा असतो टोपी घालून, माझ्या नवऱ्याला धुवायला टपलेला!"

मला वाटतं, वेसेल घाबरत होता. पण ट्वेंटेतला माणूस घाबरलो असं म्हणत नाही. तो म्हणतो, लिंडन फुललंय.

तिसरा गुरुवार. ऊन लख्ख, अंगण कोरडं, वेसेलला दुसरं काही कारण सुचलेलं नव्हतं. जेवण त्याला आता गिळवत नव्हतं, म्हणून फेना त्याला अंड्याची ती घट्ट पिवळी दारू चमच्यानं भरवत होती, वर साईचा गोळा घालून. मी स्वयंपाकघराच्या दारात. एग्बर्ट बाहेर अंगणात, काळ्या कोटात उकडत, टोपी छातीशी धरून. दोनदा परत जावं लागल्यानं तो मनातून दुखावलेला होता. गावात लोक त्याला विचारायला लागले होते, "काय एग्बर्ट, आज तरी का?"

डॉक्टरबाईंना उशीर झाला. वाटेत वाळल्या गवताची गाडी कलंडली होती आणि रस्ता बंद होता. त्यांनी फोन केला, फेनानं घेतला, आम्हा आतल्यांना कळलं. अंगणातल्या एग्बर्टला कळवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

चर्चच्या घड्याळानं दोनचे टोले दिले. आता एग्बर्टच्या डोक्यातून बघा. वेळ दोनची ठरली होती. आमच्या देशात दोन म्हणजे दोन. डॉक्टरबाई पाठीमागच्या दारानं आत गेल्या असणार. आतून आवाज नाही, कारण वेसेलच्या तोंडात चमचा होता. झालं. एग्बर्टनं टोपी डोक्यावर चढवली, मागच्या बाजूला माश्यांच्या पेट्यांकडे गेला, प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक केलं आणि म्हणाला, "तुमचा धनी वेसेल गेला. आता फेना तुमची धनीण."

मग तो घरात आला. मान खाली, पावलं हलकी, अगदी रीतीप्रमाणे. कुणाकडे न बघता त्यानं भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरून थांबवला. खिडकीशी गेला आणि पडदे ओढून घेतले. अंधार झाला.

"एग्बर्ट," अंधारातून वेसेल म्हणाला, "मला माझा चमचा दिसत नाहीये."

एग्बर्टच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी एकदाच ऐकला होता, आमची गाय बर्फाच्या तळ्यात पडली तेव्हा.

"तू... तू अजून..."

"अजून साय संपली नाही. पडदा उघड. आणि माश्यांना तर सांगितलं नाहीस ना?"

एग्बर्ट काही बोलला नाही. त्याच्या टोपीवर एक माशी बसली होती, ती बोलली.

"गाढवा!" वेसेल ओरडला. मला वाटतं वर्षभरात त्याचा एवढा आवाज निघाला नव्हता. "माश्यांना खोटं बोललेलं कळतं! आता उठतील त्या!"

त्या उठल्या. म्हातारा लाम्बर्ट तिखटमीठ लावतो असं लोक म्हणतात, पण हे मी डोळ्यांनी बघितलंय. सहाच्या सहा पेट्यांतून माश्या निघाल्या, एकत्र झाल्या, आणि अंगणावर एवढी सावली पडली की कोंबड्या झोपायला खुराड्यात गेल्या. नेमकं त्याच वेळी डॉक्टर रुलव्हिंकबाईंची पांढरी गाडी फाटकातून आत आली. उन्हात तापलेली, स्वच्छ, नवी. माश्यांना काय आवडलं देव जाणे. त्या सगळ्या गाडीवर उतरल्या. काचा झाकल्या, दारं झाकली, पांढरी गाडी काळी झाली आणि मुंग्या आल्यासारखी हलायला लागली. आत बाई, मांडीवर औषधाची पेटी. काचेला जेमतेम दोन बोटं फट होती. तिच्यातून आवाज आला, "मला जरा मदत मिळेल का?"

माश्या उतरवणं वेसेललाच जमायचं, आणि वेसेलला हात नव्हते. म्हणजे काम कुणाचं? फेनाचं. तिनं गवताची टोपली घेतली, हंसाचं पीस घेतलं, बाह्या वर केल्या आणि गाडीशी गेली. मी वेसेलची खुर्ची ढकलत उंबऱ्यात आणली.

"राणी शोध! राणी आत गेली की बाकीच्या येतात. डावीकडून झाड. डावीकडून! अगं ते उजवं! हळू, पिसानं, झाडूसारखं नाही. डावीकडून म्हणतो ना!"

फेना थांबली. तिच्या केसांत माश्या होत्या, मानेवर माश्या होत्या. तिनं टोपली खाली ठेवली आणि वळली.

"डावीकडून," ती म्हणाली. "डावीकडून, उजवीकडून. चार वर्षं मी तुझे हात आहे. तुझे पाय आहे. तुझं ढुंगण पुसणारी मी, तुझ्या माश्या झाडणारी मी, आणि तरी डावं कुठलं ते मला तूच सांगणार! आज मरतो, उद्या मरतो, पाऊस आहे, फुलं आहेत! मर ना एकदाचा! मर! सुटेन तरी मी!"

मग फेनाचा आवाज फुटला.

"आणि सुटणार कुठली? तू गेलास की हा येणार बादली घेऊन. माझे हात म्हणे मोकळे. मोकळे हात घेऊन मी काय करू, वेसेल? पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसून, एग्बर्ट तुझी पाठ घासतोय ते ऐकू? त्याला माहीत आहे का तुझ्या पाठीवर कुठं दुखतं? त्याला माहीत आहे का काही?"

एग्बर्ट टोपीकडे बघत राहिला.

फेनानं डोळे पुसले, टोपली उचलली आणि माश्या झाडल्या. उजवीकडून. राणी आत गेली, बाकीच्या मागोमाग गेल्या.

डॉक्टरबाई गाडीतून उतरल्या, पण औषधाची पेटी आतच ठेवून. "आज नाही," त्या म्हणाल्या.

"का?" वेसेल म्हणाला. "आज मला एकही सबब सुचलेली नाही! हिच्या तोंडापायी माझं मरण अडवणार तुम्ही?"

"तुमचं मरण तुमचंच आहे. पण तुम्ही हिच्या शिव्यांना कंटाळून मरताय, असा मला संशय राहिला तर मी सुई हातात घेऊ शकत नाही. मला दोघांशी परत बोलायचंय. वेगवेगळं." मग त्या फेनाकडे वळल्या. "आधी तुमच्याशी. वेसेल, तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

फेनाच्या चेहऱ्यावर त्या घडीला जे आलं ते मी विसरणार नाही. चार वर्षांत पहिल्यांदा बाहेर बसायला पाठवलं होतं ते तिला नाही, वेसेलला.

मी खिडकीखाली बसून वाटाणे सोलत होतो. वाटाणे नव्हते, पण सोलत होतो.

"तुम्हाला हे हवंय का?" बाईंनी विचारलं.

आतून कपात चमचा फिरवल्याचा आवाज आला. मग फेना म्हणाली, "मला तो जायला नको आहे. त्यानं घुसमटून मरावं हेही मला नको आहे. आणि अजून एक हिवाळा त्याला उचलणं माझ्याच्यानं होणार नाही. यातलं कुठलं धरणार तुम्ही?"

"तिन्ही," बाई म्हणाल्या.

"तिन्ही एकदम कशी धरता येतात?"

"तुम्ही धरलीच आहेत की."

फेनानं मोठ्यानं नाक शिंकरलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बिस्किटांचा डबा उघडल्याचा.

बाई गेल्यावर मी वेसेलची खुर्ची आत नेली आणि निघालोच होतो, पण कोट घालायला मला वेळ लागतो. ऐकायचं असलं की फारच लागतो.

"मला वाटलं," वेसेल म्हणाला, "एवढ्या सगळ्यानंतर निदान ते तरी तुला करावं लागू नये. माझ्या या मढ्याला आणखी एकदा उचलणं. म्हणून एग्बर्टला सांगितलं."

"विचारायचं होतंस."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारत नाहीस होय? मेल्या!"

"मरतोय की," वेसेल म्हणाला. "तू मरू देशील तर."

मग ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, कारण कोट अखेर अंगात गेला होता.

दुसऱ्या दिवशी वेसेलनं एग्बर्टला बोलावून सांगितलं, फेनाच धुणार. एग्बर्टचा चेहरा लाकडाचा झाला.

"तो नियम तुझा नाही, वेसेल. शेजाऱ्यांचा आहे. माझ्या बापानं तुझ्या बापाला धुतलं. जिवंत माणसाला तो बदलता येत नाही, आणि मेलेला माणूस काही बोलत नाही."

"अरे पण मी सांगतोय!"

"तू सांगू नकोस. तू फक्त मरायचंस. बाकीचं माझं."

फेनानं कपाळावर हात मारून घेतला. भिंतीवरचं घड्याळ अजून बंदच होतं. ती रागानं लंबकाकडे गेली, तसा एग्बर्ट दचकून उठला. "हात लावू नको! थांबवलेलं घड्याळ माती झाल्याशिवाय सुरू करत नाहीत."

"अरे पण मेलंय कोण?" फेना किंचाळली. "मला दोन दिवस अंडी अंदाजानं उकडावी लागतायत!"

"रीत ती रीत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारपणी असा उजेड क्वचित पडतो, पडला की पदरात पाडून घ्यावा.

"एग्बर्ट," मी म्हणालो, "घड्याळ मयताच्या घरी थांबवतात ना?"

"हो."

"तू थांबवलंस. पडदे ओढलेस. माश्यांना सांगितलंस, वेसेल गेला म्हणून."

"चुकून."

"रीतीत चुकून असा शब्द आहे का? तूच सांग. घड्याळ बंद आहे आणि ते सुरू करता येत नाही असं तूच म्हणतोस. म्हणजे रीतीच्या हिशेबानं या घरातली मयत गुरुवारी दोन वाजता झाली. पहिल्या शेजाऱ्याचा मान तू घेतलास. आता एका माणसासाठी तो दोनदा घेता येतो का? तुझ्या बापानं वेसेलच्या बापाला दोनदा धुतलं होतं का?"

एग्बर्टनं पाइप काढला. भरला. ओढला. पाइप संपला, त्यानं परत भरला. वेसेलसुद्धा गप्प होता, आणि या गोष्टीतली सगळ्यात अविश्वसनीय बाब तीच आहे.

"गुरुवारी धुवायला हवं होतं," एग्बर्ट शेवटी म्हणाला.

"नाही धुतलंस."

"हा बसला होता ना साय खात."

"ते आता घरच्यांचं काम. तुझं चुकलं नाही, तुझं संपलं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "खांदा तरी?" त्यानं हळूच विचारलं. "खांदा राहिलाय ना द्यायचा?"

"खांदा तुमचाच," फेना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "आणि पाणी गरम करून आणायला मला कुणीतरी लागेल."

"पाणी मी आणीन," एग्बर्ट म्हणाला, आणि लगेच टोपी शोधायला लागला, जणू आत्ताच निघायचंय.

पुढं डॉक्टरबाई परत आल्या. दोघांशी बोलल्या, आधी वेगवेगळं आणि मग एकत्र. त्यांचा संशय फिटला. तारीख ठरली, आणि या वेळी वेसेलनं ती फेनाला विचारून ठरवली. ती म्हणाली, गुरुवार नको, गुरुवारचा मला वीट आलाय. मंगळवार ठरला. लिंडन झडून गेलं होतं, पाऊस नव्हता. त्यानं दोन चमचे साय खाल्ली. एग्बर्ट पाण्याच्या बादल्या घेऊन ओसरीत बसला होता आणि मी त्याच्या कोटाची बाही धरून, कारण कुणी आतून बोलावल्याशिवाय त्याला हलू द्यायचा नाही असं मला बजावलेलं होतं.

औषधाआधी वेसेल फेनाला म्हणाला, "नंतर डावीकडून सुरुवात कर. उजवा खांदा दुखतो."

"मेल्यावर कसला दुखतोय?"

"सांगितलं ते ऐक."

त्यानंतर तो काही बोलला नाही. तिनं त्याचा हात धरला होता. झालं ते अगदी शांतपणे झालं, त्याच्या स्वभावाला न शोभेल इतकं.

मग थांबणं. अशा मरणानंतर नगरपालिकेचे डॉक्टर येऊन बघून, सही करून जाईपर्यंत कुणी हात लावायचा नसतो. ते गृहस्थ आले, पायपुसण्यावर बूट पुसत बसले, फेनाला म्हणाले, "तुमच्या दुःखात सहभागी आहे," आणि भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघून स्वतःचं घड्याळ लावायला लागले. फेनानं त्यांना कॉफी दिली. ट्रूस म्हणाली, "फेना, तू कप उचलू नयेस." फेना म्हणाली, "ट्रूस, माझ्या घरची मयत तर केव्हाच झाली, विचार एग्बर्टला." माश्यांकडे मात्र कुणी गेलं नाही. त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

ते गृहस्थ गेले. एग्बर्टनं गरम पाण्याच्या बादल्या दारापर्यंत नेल्या, टोपी काढली आणि मागं सरला. फेनानं दार लावून घेतलं.

आम्ही दोघं ओसरीत बसलो. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला, आणि त्यावर तिचा.

"बघ, कानामागं काय साठलंय. चार वर्षं सांगतेय, मान वाकडी करू नको, मला पोचता येत नाही. आता कशी मऊ आली मान! हे गुडघे बघ. आणि म्हणे डावीकडून. मेल्यावरसुद्धा हुकूम. उजवीकडून करीन. काय करशील? हं? बोल आता!"

एग्बर्ट माझ्या कानाशी वाकला. "रीत डावीकडूनच आहे," तो कुजबुजला.

"गप," मी म्हणालो.

आत पाण्याचा आवाज थांबला. मग बादली सरकवल्याचा आवाज आला, पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला.

"बरं बाबा," फेना म्हणाली. "डावीकडून."